रिटायर्ड हर्ट ८१

क्रिकेटचा धावफलक हा मोठा कोरडा कागद. कोणी टाकला, कोणी पकडला, किती धावा, बस. तरी एप्रिल १९७६ मधल्या, वेस्ट इंडिजविरुद्ध जमैकात झालेल्या किंग्स्टन कसोटीचा धावफलक उघडला की डोळे अडखळतात. भारताच्या पहिल्या डावात एका सलामीवीराच्या नावापुढे ना झेलबाद, ना पायचीत, ना त्रिफळा. नुसतं 'रिटायर्ड हर्ट ८१', म्हणजे ८१ धावांवर जखमी होऊन मैदान सोडलं. दुसऱ्या डावात त्याच नावापुढे 'अ‍ॅब्सेंट हर्ट', म्हणजे जखमी असल्याने उतरलाच नाही, आणि सोबतीला त्याच शेऱ्याची आणखी चार नावं. धावा ९७, गडी पाचच बाद, आणि डाव संपला. पुढे खेळायला माणूसच उरला नव्हता.

तो सलामीवीर म्हणजे अंशुमन गायकवाड. ३१ जुलै २०२४ रोजी बडोद्यात रक्ताच्या कर्करोगाने गेले, वयाच्या ७१ व्या वर्षी. (मैदानावरच्या खेळाडूला अहो-जाहो करायची आपल्याकडे पद्धत नाही. गावसकर 'खेळला', विश्वनाथ 'गेला' असंच आपण म्हणत आलो. या लेखातही गायकवाड बॅट घेऊन उभा असेल तोवर 'तो', पॅड सोडले की 'ते'.)

ते गेल्यावर जे लिहिलं-बोललं गेलं त्यात 'लढवय्या' होतं, 'पोलादी' होतं, 'भिंत' तर होतीच. या विशेषणांशी माझं भांडण नाही, सगळी खरी आहेत. पण विशेषणाला पैसे पडत नाहीत. माझं म्हणणं असं की, अंगावर चेंडू घेणाऱ्या माणसाला आठवायचं तर त्याने काय मोजलं ते आधी नीट मांडायला हवं, आणि ते कोणी भरून द्यायचं हेही त्याच वहीत लिहायला हवं. आपण पहिलं काम भावनेच्या भरात अर्धवट करतो आणि दुसरं वर्गणीवर सोडून देतो.

आधी किंग्स्टन.

त्या कसोटीच्या आधीची कसोटी पोर्ट ऑफ स्पेनला झाली होती. चौथ्या डावात ४०३ धावा करायच्या होत्या आणि भारताने ४ बाद ४०६ केल्या. क्लाइव्ह लॉइडच्या वेस्ट इंडिज संघात त्या सामन्यात तीन फिरकी गोलंदाज होते. हाच संघ काही महिन्यांपूर्वी ऑस्ट्रेलियात लिली-थॉमसन या जलदगती जोडीकडून ५-१ असा झोडपला गेला होता. मुका मार खाऊन आलेला माणूस घरी काय ठरवेल ते लॉइडने ठरवलं. किंग्स्टनला मायकेल होल्डिंग, वेन डॅनियल, व्हॅनबर्न होल्डर आणि बर्नार्ड ज्युलियन असे चार जलदगती गोलंदाज घेतले, नाणेफेक जिंकली आणि भारताला फलंदाजीला बोलावलं. होल्डिंगचं ते घरचं मैदान.

तेव्हा हेल्मेट नव्हतं. केरी पॅकरने भरवलेल्या बंडखोर सामन्यांच्या सर्कशीत, १९७७-७८ मध्ये, डेनिस एमिस मोटारसायकलवाल्याच्या शिरस्त्राणासारखं काहीतरी घालून उतरला, तोपर्यंत डोक्यावर कापडी टोपी किंवा नुसते केस. षटकात किती बाउन्सर टाकायचे यावरही आजच्यासारखं बंधन नव्हतं, ते १९९१ मध्ये आलं. पंचांना वाटलं तर ते गोलंदाजाला समज देऊ शकत. किंग्स्टनच्या त्या दिवसांत पंचांना फारसं काही वाटलं नसावं.

गायकवाड तेव्हा २३ वर्षांचा. डोळ्यांवर चष्मा. बरोबर गावसकर. दोघांनी १३६ धावांची सलामी दिली, गावसकर ६६ वर गेला, आणि गायकवाड पहिला पूर्ण दिवस उभा राहिला. भारताचा एकच गडी बाद. ही गोष्ट जरा थांबून बघण्यासारखी आहे. आपण किंग्स्टन म्हटलं की थेट रक्तापाशी जातो, पण पहिल्या दिवसाअखेर त्या तोफखान्यासमोर भारत भक्कम होता. भक्कम होता म्हणूनच पुढचं घडलं. होल्डिंग यष्टीच्या दुसऱ्या बाजूने मारा करू लागला, चेंडू आखूड पडू लागले, आणि निशाणा यष्ट्यांवरून बरगड्यांकडे आणि डोक्याकडे सरकला. खेळपट्टीच्या एका टोकाला उसळीचा भरवसा नव्हता. गावसकरांनी पुढे आत्मचरित्रात त्या दिवसांतल्या प्रेक्षकांबद्दल फार कडवट लिहिलं. त्यावरून वादही झाला.

दुसऱ्या दिवशी होल्डिंगचा एक चेंडू गायकवाडच्या डाव्या कानावर बसला. कानाचा पडदा फाटला. तिथून तो थेट रुग्णालयात गेला आणि पुढे कानावर शस्त्रक्रिया करावी लागली. विश्वनाथचं बोट मोडलं. ब्रिजेश पटेलच्या तोंडावर चेंडू लागून टाके पडले. ६ बाद ३०६ वर कर्णधार बेदीने डाव सोडला, कारण पुढे तो स्वतः आणि चंद्रशेखर होते, आणि त्या दोघांचे हात गोलंदाजीसाठी लागणार होते. चंद्राने त्या हाताने पाच बळी घेतलेही. पण क्षेत्ररक्षण करताना बेदी आणि चंद्रा, दोघांचेही हात जायबंदी झाले. बदली म्हणून उभ्या राहिलेल्या सुरिंदर अमरनाथचं त्याच सामन्यादरम्यान अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. दौऱ्यावर गेलेले सगळे सतरा खेळाडू या ना त्या वेळी मैदानावर येऊन गेले. शेवटी वेस्ट इंडिजला १३ धावा हव्या होत्या, त्या त्यांनी केल्या.

दुसऱ्या डावात पाच गडी हाताशी असताना भारताने पांढरं निशाण दाखवलं, असं तेव्हाही म्हटलं गेलं आणि आजही कट्ट्यावर एखादा तज्ज्ञ म्हणतो. ही माणसं बेदीवर अन्याय करतात. मोडलेल्या बोटाने आणि फाटलेल्या कानाने माणूस उभा करणं ही कर्णधाराची बहादुरी नव्हे. सिंहगडावर दोर कापल्याची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो, त्यामुळे मागे फिरणारा प्रत्येक जण आपल्याला भ्याड वाटतो. पण गोष्टीतल्या मावळ्यांसमोर किल्ला होता. बेदीसमोर एक हरलेला सामना होता आणि पाच जखमी पोरं होती. त्याने बरोबर केलं.

याच ओघात आणखी एक. वेस्ट इंडिजला राक्षस केलं की आपलं शौर्य आपोआप मोठं होतं, हा सोपा मार्ग मला पसंत नाही. लॉइडच्या संघाने ऑस्ट्रेलियात जे सोसलं तेच त्यांनी पुढे दिलं, नियम त्यांना आडवे येत नव्हते, आणि पुढची पंधरा वर्षं त्याच रीतीने त्यांनी जगावर राज्य केलं. आपल्याकडे तेव्हा असे चार गोलंदाज असते तर आपण चार फिरकीवाले खेळवले असते का? गायकवाडचं मोठेपण मोजायला समोर राक्षस लागत नाही. समोर ताशी नव्वद मैलांचा चेंडू आणि मध्ये चष्म्याची काच, एवढं पुरतं.

आणि खरं सांगायचं तर मला त्या ८१ पेक्षाही पुढची गोष्ट मोठी वाटते. त्याच वर्षाच्या अखेरीस इंग्लंडचा संघ भारतात आला आणि गायकवाड पुन्हा खेळत होता. १९७९ मध्ये कानपूरला वेस्ट इंडिजविरुद्ध त्याने पहिलं कसोटी शतक केलं, १०२. आणि १९८३ मध्ये, सात वर्षांनी, तो किंग्स्टनच्या त्याच सबाइना पार्क मैदानावर पुन्हा गावसकरबरोबर सलामीला उतरला. समोर होल्डिंग होताच, शिवाय रॉबर्ट्स, मार्शल आणि गार्नर. पहिल्यांदा उभं राहण्यात थोडा अजाणपणा असू शकतो, कारण २३ व्या वर्षी आपल्याला काही होणार नाही असंच माणसाला वाटतं. पण कानाचा पडदा फाटून घेतलेला माणूस त्याच खेळपट्टीवर पुन्हा चालत जातो तेव्हा त्याला सगळं ठाऊक असतं. कोणत्या टोकाकडून येणार, कुठे लागणार, किती लागणार. त्या दौऱ्यात त्याच्या धावा फार नाहीत, म्हणून ती गोष्ट कोणी सांगत नाही.

धावांचंच काढलं तर ४० कसोटी, १९८५ धावा, सरासरी ३०.०७. आजचं पोरगं हा आकडा बघून पुढे सरकेल. पण या ४० पैकी निम्म्याहून अधिक कसोटी एकट्या वेस्ट इंडिजविरुद्ध, आणि बऱ्याच वेळा नव्या चेंडूसमोर. सरासरी काढताना भागाकारात चेंडूचा वेग धरत नाहीत.

ज्या खेळीसाठी ते आकडेवारीच्या पुस्तकांत राहिले ती मात्र वेगळीच. सप्टेंबर १९८३, जालंधर, पाकिस्तानविरुद्ध २०१ धावा, ६७१ मिनिटांत. प्रथम श्रेणी क्रिकेटमधलं तोवरचं सर्वांत संथ द्विशतक. आमच्या चाळीत त्यानंतर कोणी नळावर बादली लावून फार वेळ अडून राहिलं की 'काय, गायकवाड झालाय का?' असा आवाज यायचा. विश्वचषक नुकताच जिंकला होता, सगळ्यांना षटकार हवे होते, आणि हा माणूस अकरा तासांहून जास्त वेळ उभा. खेळी कंटाळवाणी होती, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण त्या विनोदात एक धडा दडलेला होता. चेंडू सोडत, अडवत, अंगावर घेत तासन्‌तास टिकणाऱ्याची आपण टर उडवली, आणि तोच गुण तो गेल्यावर मृत्युलेखात 'पोलादी' म्हणून छापला.

घर बडोद्याचं, मराठी, आणि क्रिकेट वाड्यातच. वडील दत्ताजीराव १९५९ च्या इंग्लंड दौऱ्यात भारताचे कर्णधार होते. त्याआधी १९५७-५८ मध्ये त्यांनी बडोद्याला रणजी करंडक जिंकून दिला होता. विजय हजारे सांगलीहून जाऊन बडोद्याचे झाले, चंदू बोर्डे पुण्याहून जाऊन तिथे खेळले, किरण मोरे तिथलाच. नर्मदेच्या पलीकडचं हे मराठी गाव आपण एरवी सयाजीरावांच्या निमित्ताने आठवतो, क्रिकेटच्या निमित्ताने जरा कमीच. दत्ताजीराव फेब्रुवारी २०२४ मध्ये ९५ व्या वर्षी गेले, भारताचे सर्वांत वयस्कर कसोटीपटू म्हणून. साडेपाच महिन्यांनी मुलगा गेला.

निवृत्तीनंतर अंशुमन गायकवाडांनी निवड समितीत काम केलं, दोनदा भारताचं प्रशिक्षकपद सांभाळलं. शारजात सचिनने वादळ उठवलं तेव्हा आणि दिल्लीत कुंबळेने एका डावात दहाही बळी घेतले तेव्हा ड्रेसिंग रूममध्ये प्रशिक्षक तेच होते. पण पोटापाण्याची नोकरी बडोद्याच्या खत कारखान्यातली. तिथूनच ते २००० साली निवृत्त झाले. त्यांच्या पिढीला क्रिकेटने नाव दिलं, पगार दुसऱ्या कोणीतरी दिला.

आता जुलै २०२४ कडे येतो, कारण हा लेख मुळात त्या महिन्यामुळे लिहावासा वाटला.

२९ जूनला भारताने टी-२० विश्वचषक जिंकला. दुसऱ्याच दिवशी भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने संघाला १२५ कोटींचं बक्षीस जाहीर केलं. ४ जुलैला मरीन ड्राइव्हवर मुंगीला जागा नव्हती. त्याच सुमारास माजी कसोटीपटू संदीप पाटलांनी लिहून जगाला कळवलं की, गायकवाड लंडनच्या रुग्णालयात रक्ताच्या कर्करोगाशी झुंजत आहेत आणि त्यांना उपचारांसाठी पैशांची गरज आहे. मग कपिल देव बोलले. आपली पेन्शन द्यायचीही तयारी त्यांनी दाखवली. मोहिंदर अमरनाथ, गावसकर, पाटील, वेंगसरकर, मदनलाल, शास्त्री, कीर्ती आझाद, सगळे मदत गोळा करण्याच्या खटपटीला लागले. १४ जुलैला मंडळाने तातडीने एक कोटी रुपये देत असल्याचं जाहीर केलं. त्यानंतर सतरा दिवसांनी गायकवाड गेले.

१२५ आणि १ हे आकडे शेजारी ठेवून टाळ्या घेणं सोपं आहे. मला तो खेळ करायचा नाही. रोहित-बुमराहच्या संघाने ते बक्षीस कमावलं होतं, आणि एक कोटी ही रक्कमही लहान नाही. माझा आक्षेप रकमेवर नाही, रीतीवर आहे. क्रिकेटमध्ये अपील केल्याशिवाय पंच बोट वर करत नाही, फलंदाज उघड बाद असला तरी. मैदानावर तो नियम शोभतो. आजारी माणसाला तोच नियम लावला की काय होतं ते जुलैत दिसलं. कोणीतरी ओरडावं लागलं, आणि ओरडणारे कपिल आणि गावसकर असावे लागले.

ही वर्गणीची वाट आपल्या फार जुन्या ओळखीची आहे. खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीला गेले ते गावागावांतून गोळा केलेल्या पैशांवर, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून दिलेल्या सात हजारांवर. कांस्यपदक आलं, बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, आणि मग देश खाशाबांना विसरून गेला. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. १९८३ चा विश्वचषक जिंकून कपिलचा संघ परतला तेव्हा मंडळाकडे बक्षीस द्यायला पैसे नव्हते. लताबाईंनी दिल्लीत गाण्याचा कार्यक्रम केला, वीस लाख जमले, आणि प्रत्येक खेळाडूला एक लाख मिळाला. २०२४ मध्ये गायकवाडांसाठी धावलेली नावं पुन्हा वाचा. सगळे त्या ८३ च्या संघातले. ज्यांचं स्वतःचं बक्षीस एका गाण्याच्या कार्यक्रमातून उभं राहिलं होतं, तेच एकेचाळीस वर्षांनी मित्रासाठी झोळी घेऊन उभे. फरक इतकाच की १९८३ मध्ये मंडळ खरोखर गरीब होतं. २०२२ मध्ये याच मंडळाने आयपीएलच्या पाच वर्षांच्या प्रक्षेपणाचे हक्क ४८,३९० कोटींना विकले.

मंडळाने काहीच केलं नाही असं म्हणणं खोटं ठरेल. २०१२ मध्ये जुन्या खेळाडूंना एकरकमी मोठी रक्कम वाटली गेली. निवृत्तिवेतन आहे, आणि २०२२ मध्ये ते वाढवून वरच्या टप्प्यातल्या कसोटीपटूंना महिना ७० हजार झालं. घर चालवायला हे पैसे उपयोगी पडतात. रक्ताचा कर्करोग झाला तर या हिशेबाने किती दिवस निघतात हे ज्याच्या घरात तो येऊन गेलाय त्याला विचारावं.

इथे एक रास्त प्रश्न आडवा येतो आणि तो टाळणं बरोबर नाही. क्रिकेटवाल्यांचंच काय एवढं? परळला टाटा रुग्णालयाच्या बाहेर फुटपाथवर चटई टाकून बसलेली कुटुंबं आहेत, कोणी बिहारची, कोणी विदर्भातली. त्यांच्यासाठी कोणता कपिल बोलणार? एका माजी खेळाडूला एक कोटी आणि फुटपाथवरच्या बाईला धर्मशाळेच्या रांगेतला नंबर, यात न्याय कुठे? नाही. पण हे दोन प्रश्न एकमेकांत मिसळले की दोन्ही सुटत नाहीत. फुटपाथवरच्या कुटुंबाचं देणं सरकारचं आहे, आणि सरकार ते नीट देत नाही. गायकवाडांचं देणं सरकारचं नव्हतंच. ज्या संस्थेच्या नावाने त्यांनी चेंडू कानावर घेतला, जी संस्था आज त्याच खेळाच्या जोरावर गडगंज आहे, तिच्या खात्यात ते पडायला हवं. कारखान्यात यंत्राखाली बोट गेलं तर मालकाला भरपाई द्यावी लागते. कामगार 'शूर' होता का, त्याचे मित्र प्रसिद्ध आहेत का, हे कोणी विचारत नाही.

कोणी म्हणेल, कर्करोगाचा आणि किंग्स्टनच्या चेंडूचा काय संबंध? वैद्यकीय संबंध काही नाही, आणि तसा मी सुचवतही नाही. पण खेळातल्या दुखापती कधी पंचनामा करून येत नाहीत. साठीनंतर दुखणारा गुडघा, कमी ऐकू येणारा कान, न वळणारं बोट यातलं वयाचं किती आणि चेंडूचं किती हे कोण ठरवणार? म्हणून सगळ्या आजारांचा आयुष्यभराचा उपचार हाच सरळ मार्ग. देशासाठी आणि राज्यासाठी खेळलेल्या प्रत्येकाला, स्त्री असो वा पुरुष, अर्ज-विनंत्या न करता. रुग्णालयात कार्ड दाखवावं आणि बिल मंडळाकडे जावं. हे करायला मंडळाला किती खर्च येईल याचा आकडा मी काढलेला नाही, पण ४८ हजार कोटींच्या शेजारी तो ठेवला तर डोळ्यांत भरेल असं वाटत नाही.

कारण गायकवाडांचं प्रकरण तसं पाहिलं तर सुदैवी म्हणायचं. त्यांना मित्र होते. इतकंच कशाला, ते स्वतः मंडळाच्या आत बसले होते. माजी खेळाडूंची संघटना स्थापन झाल्यावर २०१९ मध्ये तिचे प्रतिनिधी म्हणून ते मंडळाच्या सर्वोच्च परिषदेवर निवडून गेले. पुढच्याच वर्षी कोविडच्या काळात त्या संघटनेने हलाखीतल्या माजी खेळाडूंसाठी पैसे जमवले. म्हणजे अडचणीतल्या क्रिकेटपटूंचं गाऱ्हाणं मांडणं ज्यांचं काम होतं, चार वर्षांनी त्यांचंच गाऱ्हाणं दुसऱ्याला मांडावं लागलं. जो सत्तरच्या दशकात आठ-दहा रणजी सामने खेळला, ज्याचं नाव त्याच्या गल्लीबाहेर कोणाला ठाऊक नाही, आणि ज्याने त्याच काळात हेल्मेटशिवाय शॉर्ट लेगला, म्हणजे फलंदाजाच्या अगदी जवळ, उभं राहून नडगीवर चेंडू घेतले, त्याच्यासाठी कोण लिहिणार? स्वतःच्या पैशांनी रेल्वेच्या साध्या डब्यातून प्रवास करून देशाकडून खेळलेल्या त्या काळच्या मुलींसाठी?

मुंबईकरांना तर दूर जायला नको. एकनाथ सोलकर हिंदू जिमखान्याच्या माळ्याचा मुलगा. फॉरवर्ड शॉर्ट लेगला फलंदाजाच्या बॅटपासून हातभर अंतरावर, डोक्यावर काही नाही, २७ कसोटींत ५३ झेल. बेदी-चंद्रा-प्रसन्नाच्या बळींच्या यादीत त्याचं निम्मं रक्त आटलंय. २००५ मध्ये वयाच्या ५७ व्या वर्षी गेला. अजूनही जुने लोक त्याचा झेल हातवारे करून दाखवतात आणि चहा पितात. तेवढंच.

आठवण ठेवायची रीत वेगळीही असू शकते. ती शोधायला लांब जावं लागत नाही, कोलकात्यापर्यंत गेलं तरी पुरे. मार्च १९६२ मध्ये बार्बाडोसविरुद्धच्या सामन्यात चार्ली ग्रिफिथचा चेंडू भारताचा कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टरच्या डोक्यावर बसला. कवटीवर शस्त्रक्रिया झाली, रक्त लागलं. ते द्यायला पुढे आला वेस्ट इंडिजचा कर्णधार फ्रँक वॉरेल. त्याच्याबरोबर चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी आणि पॉली उमरीगर. कॉन्ट्रॅक्टर वाचले, पण कसोटी पुन्हा खेळले नाहीत. डोक्यातली धातूची पट्टी त्यांनी साठ वर्षं वागवली, २०२२ मध्ये मुंबईत ती काढली. आणि चौदा वर्षांनी किंग्स्टनला जखमींची रांग लागली तेव्हा भारतीय संघाचे व्यवस्थापक होते तेच पॉली उमरीगर. बार्बाडोसला रक्त दिलेला माणूस आता रुग्णालयात जाणारी पोरं मोजत होता.

वॉरेल १९६७ मध्ये गेला, वय ४२. आजार रक्ताचा कर्करोग. बंगाल क्रिकेट संघटना १९८१ पासून ३ फेब्रुवारी हा दिवस त्याच्या नावाने पाळते. त्या दिवशी भाषणं होत असतीलच, आपण भारतीय आहोत. पण मुख्य कार्यक्रम रक्तदानाचा. ज्याने परक्या देशाच्या कर्णधाराला रक्त दिलं, त्याच्या नावाने अनोळखी माणसं खाटेवर आडवी होतात आणि बाही वर करतात. ते रक्त कोणाला जाणार हे देणाऱ्याला माहीत नसतं, घेणाऱ्याला मागायला लागत नाही.

गायकवाडची पहिली कसोटी डिसेंबर १९७४ मधली, ईडन गार्डन्सवर, वेस्ट इंडिजविरुद्ध. शेवटची १९८४ च्या अखेरीस सुरू झाली, इंग्लंडविरुद्ध, तीही तिथेच. बडोद्याहून निघालेल्या माणसाने दहा वर्षांत जमैकाला दोन खेपा केल्या आणि आला तिथूनच परत गेला. पुढच्या ३ फेब्रुवारीला कोलकात्यात वॉरेलच्या शेजारी त्याचाही एक फोटो लावायला कोणाची हरकत असेल असं वाटत नाही. दोघेही एकाच दुखण्याने गेले.